तीन गावांची एक दुर्बीण

रेडिओ दुर्बीण म्हटलं की मराठी माणसाला नारायणगावजवळचं खोडद आठवतं. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरवर पसरलेला त्यांचा संसार आणि त्यामागे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची जिद्द. कौतुकाला ते सगळं पात्रच आहे. पण मी सुरतेत, गोडादऱ्यात राहतो आणि मला दुसऱ्याच एका यंत्राचं मोल सांगायचं आहे. त्याचा एक पाय आमच्या शहरात होता.

1980च्या दशकात अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने, म्हणजे पीआरएलने, तीन ठिकाणी रेडिओ दुर्बिणी चालवल्या: अहमदाबादजवळ थलतेज, सौराष्ट्रात राजकोट आणि दक्षिणेला सुरत. तिन्ही 103 मेगाहर्ट्झवर ऐकणाऱ्या. आर. व्ही. भोसले आणि एस. के. अलुरकर ही या कामातली दोन ठळक नावं. गोडादरा, लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या लेखी सुरत म्हणजे साड्या, जरी आणि हिरे. याच सुरतेने सूर्याचा वारा मोजायला हात लावला होता, हे त्यांच्या मुलांना कळायला हवं.

या जातीची दुर्बीण पाहायला गेलं तर डोळ्यांत भरण्यासारखं काही नसतं. तबकडी नाही, घुमट नाही. मैदानात रांगेने खांब आणि त्यांवर ताणलेले धातूचे द्विध्रुव, म्हणजे डायपोल अँटेना. 103 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास तीन मीटर. इतक्या लांब लहरीला चकचकीत आरसा लागत नाही, नीट मांडलेल्या तारा पुरतात. ही दुर्बीण मान वळवत नाही. वेगवेगळ्या द्विध्रुवांकडून येणाऱ्या संकेतांना कमी-अधिक उशीर लावून जोडलं की तिचा रोख उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. पूर्व-पश्चिमेचं काम पृथ्वीच करते: ती फिरते आणि आकाशातला स्रोत आपणहून माथ्यावरून निघून जातो. जे निसर्ग फुकट करतो त्यासाठी यंत्र झिजवायचं नाही, ही या बांधणीतली पहिली खुबी.

आता ती काय ऐकते ते पाहू. 3सी48सारखा एखादा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा, घ्या. त्याच्या लहरी चार अब्ज वर्षांच्या प्रवासानंतर आपल्यापाशी येतात. एवढी वाट बिनबोभाट कापलेल्या या लहरी अगदी शेवटच्या टप्प्यात, सूर्याच्या अंगणात शिरल्यावर अडखळतात. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत अखंड वाहत असतो, सेकंदाला चारशे किलोमीटर, कधी सातशे-आठशे. त्या वाऱ्यात दाट-विरळ गाठी असतात. त्यांतून जाताना लहरी वाकतात, एकमेकींत मिसळतात आणि पृथ्वीवर पोचेपर्यंत त्यांची कमी-जास्त तीव्रतेची नक्षी तयार झालेली असते. वाऱ्यासोबत ती नक्षी जमिनीवरून सरकते, म्हणून दुर्बिणीला क्वेसार लुकलुकताना दिसतो. 1964 मध्ये केंब्रिजला अँटनी ह्युइश आणि सहकाऱ्यांनी हे लुकलुकणं ओळखलं. तेच अभ्यासण्यासाठी तिथे द्विध्रुवांचं मोठं मैदान उभं राहिलं आणि त्यावरच 1967 मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारा तारा, सापडला. सुरत-राजकोट-थलतेजचं घराणं हे असं आहे.

एखाद्या साध्या खगोलवैज्ञानिकाला ही थरथर म्हणजे कटकट वाटली असती. चित्र अस्थिर झालं, नोंद बिघडली. या यंत्राची प्रतिभा अशी की त्याने बिघाडालाच विषय केलं.

पण एका दुर्बिणीला थरथर दिसली तरी तिचा वेग थेट कळत नाही. शेतांवरून ढगाची सावली सरकताना एका गावात ती कधी आली आणि पुढच्या गावात कधी, हे कळलं की ढगाची चाल निघते. इथे ती गावं म्हणजे आपली तीन केंद्रं. सरळ रेषेत त्यांची एकमेकांपासूनची अंतरं दोनशे किलोमीटरच्या आसपास. नक्षी सेकंदाला चारशे किलोमीटरने सरकत असेल, तर दोन केंद्रांत फरक पडेल फार तर अर्ध्या सेकंदाचा. एका ठिकाणचा थरथरता आलेख दुसऱ्यावर ठेवायचा आणि चढउतार जुळेपर्यंत पुढेमागे सरकवायचा. जितका सरकवावा लागला तितका उशीर. त्या अर्ध्या सेकंदात सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या पोकळीतला वारा मापात येतो. घड्याळं सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत एकमतात असल्याशिवाय हे साधत नाही.

दोनच केंद्रं का नाहीत? दोन ठिकाणं म्हणजे एक रेषा, आणि वारा काही तुमच्या रेषेवरूनच वाहील असं नाही. तो तिरका असेल तर दोन केंद्रं फसवा वेग सांगतात. तिसरं केंद्र रेषेबाहेर हवं. म्हणजे वेगाबरोबर दिशाही हाती लागते. नकाशावर अहमदाबाद, राजकोट आणि सुरत जोडून पाहा, चांगला ऐसपैस त्रिकोण होतो. अंतरंही नेमकी. या लहरलांबीला नक्षीचे ठिपके साधारण शे-दोनशे किलोमीटरचे असतात. केंद्रं फार जवळ असती तर उशीर मोजण्याइतका उरला नसता, फार लांब असती तर नक्षी वाटेतच बदलली असती आणि आलेख जुळले नसते. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या आणि जपानात नागोयाच्या संशोधकांनीही अशीच बहुकेंद्री मांडणी केली होती. या यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग कोणता असं विचारलं तर मी म्हणेन, केंद्रांमधली मोकळी जमीन.

याच लुकलुकण्यातून दूरच्या वस्तूबद्दलही कळतं. तारे चमचमतात, ग्रह सहसा नाही, कारण ग्रहाची तबकडी मोठी दिसते. रेडिओ आकाशातही तोच न्याय: साधारण एक विकलेहून लहान दिसणारा स्रोतच ठळक लुकलुकतो. एक विकला म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग. तीन मीटरच्या लहरीवर एवढं बारीक थेट पाहायचं तर सहाशे किलोमीटर रुंदीची दुर्बीण लागेल. खोडदची जोडणीसुद्धा 150 मेगाहर्ट्झवर वीसेक विकलांपर्यंतच जाते. इथे मात्र सूर्याचा वाराच भिंग होतो आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसाराचा गाभा किती आटोपशीर आहे, ते सांगून जातो.

हीच पद्धत धूमकेतूच्या शेपटीवरही आजमावली गेली. डिसेंबर 1985 मध्ये हॅलेच्या धूमकेतूची शेपटी पीकेएस 2314+03 या स्रोतावरून सरकली. थलतेजच्या नोंदींत लुकलुकणं वाढल्याचं अलुरकर, भोसले आणि शर्मा यांनी 1986 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. उटीच्या रेडिओ दुर्बिणीवर 327 मेगाहर्ट्झला मात्र तशी वाढ आढळली नाही, आणि तेही पुढे 'नेचर'मध्येच छापून आलं. या मतभेदाचा मला आनंदच वाटतो. एकाच धूमकेतूवर भारतातल्या दोन दुर्बिणींनी आपापल्या नोंदी ठेवून जगापुढे वाद घालावा, ही कमाई लहान नव्हे.

आज आदित्य एल1 हे भारताचं यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सौरवारा थेट चाखतं आहे, आणि ते काम करणारं ॲस्पेक्स हे उपकरण पीआरएलनेच घडवलं. तरी ते यान जिथे आहे तिथलाच वारा सांगू शकतं. लुकलुकणाऱ्या क्वेसारांची पद्धत यान जिथे नाही तिथलंही सांगते, सूर्याच्या वरचं, खालचं, वाटेतलं, आणि सौरवादळ पोचण्याआधी त्याची चाहूल देते. म्हणून उटीला आणि जपानात ही निरीक्षणं पुढेही चालू राहिली. गुजरातेतल्या या त्रिकोणाला खोडदच्या तबकड्यांइतकी कीर्ती मिळाली नाही. पण पुरेसा विचार केला तर तारा, खांब आणि योग्य अंतर एवढ्यावर सूर्याचा वारा मोजता येतो, हे त्याने दाखवून दिलं. भारतीय विज्ञानाच्या ठेव्यात त्याची जागा वरची आहे.