अजिंठ्याची ‘मरणासन्न राजकन्या’ : एक पुनर्विचार

हिंगोली जिल्ह्यातील उपासक-उपासिका अजिंठ्यास जातात, तेव्हा लेणे क्रमांक २६ मधील महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पापुढे हात जोडून उभे राहतात. लेणे क्रमांक १६ मधील दुसऱ्या एका शय्येवरील आकृतीपुढे मात्र फारसे कोणी थांबत नाही. ‘मरणासन्न राजकन्या’ एवढे ऐकून सारे पुढे निघतात. हे नाव चुकीचे आहे; आणि चूक केवळ नावापुरती नाही, असे आमचे मत आहे.

मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. या चित्रातील भावदर्शन त्यांनी फ्लॉरेन्स व व्हेनिसच्या चित्रकारांहून सरस मानले. त्यांचा गौरव प्रामाणिक होता. परंतु त्यांना येथे मृत्यू दिसला. अश्वघोषाचे ‘सौन्दरनन्द’ काव्य तर १९१० मध्ये प्रथम छापले गेले. चित्रात एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. तो मुकुट नंदाचा, तथागतांच्या सावत्र भावाचा. पती भिक्षू झाला, ही वार्ता त्या मुकुटाने आणली आहे. ही स्त्री मरणासन्न नसून शोकाने मूर्च्छित झालेली सुंदरी आहे. पालि परंपरेतील जनपदकल्याणी.

शय्येवरील स्त्री हा युरोपीय कलेचाही आवडता विषय. रोकोको शैलीतील चित्रकार बूशे याचे म्युनिक येथील १७५२ चे चित्र पाहावे. तेथे शय्या, वस्त्रे आणि अनावृत देह हे सारे पाहणाऱ्याच्या सुखासाठी मांडलेले आहे. त्या तरुणीच्या जीवनात काही घडलेलेच नाही. अजिंठ्याची सुंदरीही रूपवती आहे. परंतु तिची मान कलली आहे, पापण्या मिटत आहेत, एक दासी तिला सावरीत आहे. सभोवतालच्या साऱ्यांचे लक्ष तिच्या दुःखाकडे आहे. प्रेक्षकालाही मग केवळ रूप पाहता येत नाही.

‘उदान’मधील नंदसुत्तात जनपदकल्याणी येते ती नंदाच्या आठवणीपुरती : अर्धवट विंचरलेल्या केसांनी मागे वळून, लवकर परत या म्हणणारी. पुढे नंद अर्हत होतो. तिचे काय झाले, हे सुत्त सांगत नाही. चित्रकाराने नेमका तेथेच कुंचला टेकविला.

हा प्रव्रज्येचा निषेध आहे, असे आम्ही म्हणत नाही. वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात दान दिलेले हे लेणे भिक्षूंचेच निवासस्थान होते. घर सोडून आलेल्या त्या भिक्षूंच्या नित्य दृष्टीस मागे राहिलेल्या स्त्रीचे दुःख पडावे, हे अर्थपूर्ण आहे. प्रियवियोग हे दुःखच, असे पहिले आर्यसत्य सांगते. भिंतीने ते झाकले नाही.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा नव्याने मांडली आणि यशोधरेला तीत संमतीचा स्वर दिला. मागे राहणाऱ्या स्त्रीला कथेत स्थान हवे, हा विचार आपल्या वाचकांस नवा नाही. मग सुंदरीला निदान तिचे नाव तरी परत द्यावे. तिला ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणणे आपण आता थांबविले पाहिजे.