लिंबूटिंबूचा डाव

आपल्याकडे मुलांच्या खेळात एक फार जुनी सोय आहे. खेळायला आलेले पोर अगदीच लहान किंवा दुबळे असले, तर त्याला हाकलून देत नाहीत. त्याला ‘लिंबूटिंबू’ करून घेतात. ते सर्वांबरोबर धावते, ओरडते, धुळीने माखते; पण बाद झाले तरी त्याला बाद धरीत नाहीत, आणि त्याने कोणाला शिवले तरी ते कोणी मनावर घेत नाही. या सोयीत माया आहे यात शंका नाही. तथापि डावाच्या हिशेबात ते पोर नसते, हेही तितकेच खरे. अपंग मुलाकडे पाहण्याची आपल्या नाटक-चित्रपटांची रीत मला नेहमी या लिंबूटिंबूची आठवण करून देते.

जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ घ्या. मतिमंद मुलाच्या आईबापांची घुसमट त्यांनी भीडभाड न ठेवता मांडली आहे. पण नाटक आईबापांचे आहे. मुलगा हे त्यांच्या दुःखाचे कारण. 1991 साली आलेल्या संजय सूरकरांच्या ‘चौकट राजा’तील नंदूवर आपण सर्वांनीच जीव लावला, आणि दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयाला ते श्रेय दिलेच पाहिजे. मात्र लहानपणीच्या अपघाताने ज्याची बुद्धी अडली तो नंदू आपल्याला मुख्यतः भेटतो तो मोठा झालेला. मधली शिकण्याची वर्षे कथेच्या ओघात मागे राहतात. 2014 च्या महेश लिमये यांच्या ‘यलो’ने रडका सूर टाकून दिला, हे त्याचे मोठे काम. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ तेथे स्वतःच पडद्यावर येते. तरीही मनात येते, की ज्या पोराला पदक मिळणार नाही, त्याचे काय? त्याने केवळ बाकीच्यांसारखे असावे, एवढे पुरेसे नाही काय?

या सर्वांत ‘श्वास’ मला श्रेष्ठ वाटतो. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला 2003 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार हे कळल्यावर आजोबा परशुरामला शस्त्रक्रियेपूर्वी जग दाखवून आणतात. अखेरीस काळा चष्मा लावलेला मुलगा होडीतून गावी परततो. कलाकृती म्हणून हा शेवट मला निर्दोष वाटतो. पण होडी काठाला लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा होणारच. त्या घंटेला परशुरामने कोठे जावयाचे? जेथे चित्रपट संपतो, तेथेच बाईंची गोष्ट सुरू होते; आणि ती कोणी लिहिलेली मला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, कलेकडून शाळाखात्याचा अहवाल कशाला मागता? मी तो मागत नाही. दुःखाइतकेच नाट्य शिकण्यात असते, एवढेच माझे म्हणणे आहे. मी शेवगावचा. येथल्या एका अंगणवाडीत कमी ऐकू येणारी एक पोर मी पाहिली. सेविकाबाई तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट सांगत. ‘भांडे’ म्हणताना भांडे उचलून दाखवीत. काही दिवसांनी शेजारची पोरेही तिच्याशी हातवारे करून बोलू लागली. यात ना औषध होते, ना चमत्कार; पण एका मुलीला मैत्रिणी मिळाल्या. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. अशा बिऱ्हाडातले पोर असेल, तर मोठ्या कष्टाने बसविलेली घडी फडावर मोडते. कादंबरीकाराला याहून मोठा संघर्ष कोठे सापडणार?

आणि ही मुले बालवाडीत पाहुणी आहेत, हा समजच मुळात चुकीचा आहे. मारिया मॉन्तेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये आपले बालगृह उघडले, त्यापूर्वी त्या मंदबुद्धी मुलांना शिकवीत होत्या. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशाच मुलांसाठी योजलेल्या रीतींवरून त्यांनी आपली साधने घडविली, आणि मग ती सर्व मुलांना दिली. तीच दृष्टी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीत रुजविली. म्हणजे ज्या घरात आपण या मुलांना ‘सामावून घेतो’ म्हणतो, त्या घराचा पाया त्यांच्याच निमित्ताने घातला गेला आहे! ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेजोगे होण्याची वाट पाहावयाची नाही, शाळेने मुलाजोगे व्हावयाचे, हा धडा मराठी मुलखाला नवा नाही.

कायदाही आता पुढे आला आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. मात्र मोफत शिक्षणाचा हक्क तेथे सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत सांगितला आहे. सहाच्या आतले पोर मुख्यतः अंगणवाडीच्या भरवशावर. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: लक्षणे लवकर ओळखावीत, मुलाला सर्वांत मिसळू द्यावे, घरच्यांना बळ द्यावे आणि गरज पडल्यास उपचारांकडे पाठवावे. कागद चांगला आहे. परंतु अपंग, विकलांग, दिव्यांग अशी नावे बदलली, म्हणून रिंगणातली जागा बदलते असे नाही.

ती बदलते लहान लहान गोष्टींनी. जाड खडू, चिंधी गुंडाळलेली पेन्सिल, आत घुंगरू घातलेला चेंडू, दारापासून बसण्याच्या जागेपर्यंत ताणलेली दोरी. आणि मुख्य म्हणजे त्याची पाळी आली की थोडा वेळ थांबण्याची बाकीच्यांची तयारी. ही तयारी मोठ्यांपेक्षा मुलांत लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीत घराघरांत पोरे जमतील, अंगणात किल्ले होतील. त्यांतले एखादे पोर उंबऱ्यावरच बसलेले दिसले, तर त्याच्या हातात फराळाची बशी देऊन आपण सुटू नये. मावळे कोठे मांडावयाचे, हे त्याला विचारावे, आणि तो सांगेल तेथेच मांडावेत. त्याचे चुकले, तर तसे सांगावे आणि पुन्हा मांडू द्यावे. डावात धरणे म्हणतात ते यालाच.