वलंगकरांच्या लेखनातील सैनिक

मराठीतील युद्धस्मृतिपर वाङ्मयाचा विचार करताना गोपाळबाबा वलंगकरांचे नाव घेतले जात नाही. वरवर पाहता ते योग्यच वाटते. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झालेल्या या सैनिकाने रणांगणाच्या आठवणींचा ग्रंथ लिहिला नाही. त्याने लिहिले ते प्रश्न आणि अर्ज. परंतु सैनिकी अनुभवाने या लेखनाला कोणते वळण दिले, हा विचार टीकेने करावयास हवा.

‘विटाळविध्वंसन’ (१८८८) या पुस्तिकेत वलंगकर उच्चवर्णीयांपुढे प्रश्न ठेवतात. येथे लेखक याचक नाही. तो जाब विचारतो आणि विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतो. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या सेनानींनी पुरस्कारलेल्या ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धान्तामुळे महारांची लष्करभरती बंद झाली, आणि १८९४ मध्ये वलंगकरांनी विनंतिपत्र तयार केले. त्यात अस्पृश्य हे मूळचे क्षत्रिय असून १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात निषिद्ध अन्न खावे लागल्याने ते पतित झाले, अशी मांडणी आढळते.

या दोन लेखांत उघड विसंगती आहे. पहिल्यात जो विटाळ निराधार, तोच दुसऱ्यात ऐतिहासिक कारण म्हणून मान्य होतो. पण हा दोष केवळ लेखकाच्या तर्काचा नव्हे. ज्या सरकारने शौर्य हा कुळाचा गुण ठरविला, त्याच्याशी बोलताना बजावलेल्या सेवेचा पुरावा अपुरा पडला आणि कुळाची भाषा स्वीकारावी लागली. अर्जाने ज्याच्यापुढे जावयाचे, त्याचीच परिभाषा अर्जदारास घ्यावी लागते.

१८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर वलंगकरांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीयांनी तीस हरकत घेतली. ज्याच्या हाती सरकारने बंदूक दिली होती, त्याच्याशेजारी सभेत बसणे मात्र विटाळाचे ठरले! १८८८ चे प्रश्न किती यथार्थ होते, याचे याहून बोलके प्रत्यंतर दुसरे नाही.

स्मृतिकार ‘मी’ लिहितो, कारण आपल्या सेवेची नोंद कोणी नाकारणार नाही याची त्यास खात्री असते. वलंगकरांस ती नव्हती. म्हणून त्यांची सेवा ‘आम्ही’च्या दाव्यात विलीन झाली. १९०० साली ते निवर्तले. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. मराठी युद्धवाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ स्मृतिग्रंथांपासून करणाऱ्यांनी त्याआधीच्या या विनंतिपत्रासही त्यात स्थान द्यावे.