कामाच्या कपड्यांची गोधडी

स्वतःच्या भावनेतून सुचलेला आणि निसर्गावर भार न टाकणारा वस्त्रसंग्रह, ही भाषा फॅशनच्या जगात आता रुळली आहे. त्यातली भावना कुणाची, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

वैशाली शडांगुळे यांनी जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात ‘ब्रेथ’ हा संग्रह मांडला. आपल्या आयाबायांच्या चोळीचा खण त्यांनी तिथवर नेला, हातमागाला मान दिला, याचे मोल मी कमी करत नाही. पण श्वास ही कल्पना आधी ठरते, कापड तिच्या मागून येते. ते कोरे असते. कुणाच्या घामाने विटलेले नसते.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या मिझुरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि तीच पांघरता यावी, एवढाच हेतू. संग्रह, संकल्पना असले शब्द तिच्या गावीही नव्हते. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रे दिसली. (विधवेच्या पांघरुणाला या दाखल्याची गरज का भासावी, हे मला अजून उमगलेले नाही.)

आपली गोधडी याच जातीची. वर आजीचे लुगडे, आत धडुती, सगळ्यांतून फिरणारा धावदोरा. मराठवाडा-विदर्भातून पिंपरी, भोसरी, चाकणला आलेल्यांच्या वळकटीत ती होतीच. प्रश्न पुढच्या गोधडीचा आहे. इथला कामगार दिवसाचे आठ-बारा तास ज्या कपड्यात असतो, तो गणवेश बहुधा टेरिकॉटचा. सुती लुगडे धुण्यागणिक मऊ होते, टेरिकॉट होत नाही. त्यातले पॉलिएस्टर घाम शोषत नाही, आणि सुतापासून ते वेगळे काढून नवा धागा करणे अवघड. जुन्या सुती कपड्यांची चिंधी निदान यंत्रावरचे तेल पुसायला जाते. गणवेशाला तेही नशीब नाही. माणूस निवृत्त होतो किंवा जातो, आणि सदरे ट्रंकेत पडून राहतात. टाकवत नाहीत, वापरवत नाहीत.

इथल्या कुणा डिझाइनरला भावनेतून काही घडवायचे असेल, तर मी त्याला या ट्रंकेकडे पाठवीन. काम सोपे नाही. खिशावर शिवलेले कंपनीचे नाव उसवायचे की ठेवायचे, हे घरच्यांनाच विचारावे लागेल; तिथे डिझाइनरची आवड चालायची नाही. टेरिकॉटचे चार थर हाताच्या सुईला जड जातात, म्हणून टाका मशीनचा. आणि अंगाकडच्या बाजूला जुने सुती लुगडेच हवे, नाहीतर पांघरणाऱ्याला उन्हाळ्यात घाम फुटेल.