लारा किती वेळा मरते?

लारा क्रॉफ्ट किती प्रकारे मरते हे पाहायला गेम विकत घ्यायची गरज नाही. यूट्यूबवर शोधा. २०१३ सालच्या 'टूम रेडर'मधली तिची सगळी मरणं कुणीतरी एकापाठोपाठ एक जोडून ठेवलेली सापडतील. नदीच्या लोंढ्यात वाहताना गळ्यातून आरपार जाणारी सळई. पॅराशूटने खाली येताना अंगात घुसणारी झाडाची फांदी. अंगावर येणारा लांडगा. गळा आवळणारा माणूस. आणि यातल्या बऱ्याच ठिकाणी स्क्रीन लगेच काळी होत नाही. कॅमेरा थांबतो. लारा धडपडते, तिच्या घशातून आवाज येतो, मान पडते, आणि मग कुठे आपल्याला 'पुन्हा खेळा' म्हटलं जातं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गेम बनवत नाही. पण एवढं कळतं की असलं काही चुकून होत नाही. गेममधलं सर्वांत स्वस्त मरण म्हणजे पात्र खाली कोसळणं. एकच ॲनिमेशन, सगळीकडे तेच वापरायचं. खड्ड्यात पडा, गोळी लागो, वाघ खावो, कोसळायचं तसंच. त्याऐवजी नदीसाठी वेगळं, झाडासाठी वेगळं, लांडग्यासाठी वेगळं मरण हवं असेल तर प्रत्येकासाठी कुणीतरी ॲनिमेटर बसवावा लागतो, आवाज मुद्रित करावा लागतो, कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवावं लागतं. मीटिंग झाली असेल. कुणाच्या तरी नावावर टास्क पडलं असेल, आणि शुक्रवारी 'डन' या रकान्यात सरकलं असेल. आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे ना, हा बग नाही, फीचर आहे. तर हे फीचर आहे. कुणासाठी बनवलं, एवढंच विचारायचं.

या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर बनवणाऱ्यांनीच देऊन टाकलं होतं. जून २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात या गेमचा ट्रेलर आला. त्यात लारा बांधली जाते, आपटते, भोसकली जाते, कण्हते. त्याच सुमारास गेमचे कार्यकारी निर्माते रॉन रोझेनबर्ग यांनी 'कोटाकू'ला मुलाखत दिली. बेटावरचे लोक लारावर बलात्काराचा प्रयत्न करतात आणि तिथून ती लढायला शिकते, असं ते म्हणाले. वर हेही म्हणाले की लारा खेळताना खेळणारा स्वतःला तिच्या जागी ठेवत नाही, त्याला तिचं रक्षण करावंसं वाटतं. गदारोळ झाला. स्टुडिओने घाईने खुलासा केला की लैंगिक अत्याचार हा आमच्या गेमचा विषय नाही. गेमची लेखिका रिआना प्रॅचेट आहे, म्हणजे एक स्त्रीच आहे, हेही मागाहून जाहीर झालं.

लोक बलात्काराच्या शब्दावर भांडत बसले. मला त्या मुलाखतीतलं दुसरं वाक्य जास्त त्रास देतं. नायिका आहे, गेम तिच्या नावावर विकला जातोय, आणि बनवणारा गृहीत धरतो की खेळणारा 'ती' नसणारच. तो तिचा भाऊ, बाप किंवा बॉडीगार्ड असणार. एकदा हे गृहीत धरलं की तिला जितकं जास्त लागेल तितकं आपलं रक्षकपण चेतेल, असं ते साधं गणित आहे. मग सळई गळ्यातून जाते.

इथे हमखास येणारा युक्तिवाद असा: पुरुष नायकांचं काय? प्रश्न रास्त आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. 'रेसिडेंट इव्हिल ४'मध्ये लिऑनचं मुंडकं चेनसॉने उडतं. 'डेड स्पेस'चा आयझॅक तर लारापेक्षा वाईट मरतो. दुसऱ्या भागात त्याच्या डोळ्यात सुई घालायचा प्रसंग आहे, तो खेळताना मी स्वतः स्क्रीनकडे तिरका बघत होतो. म्हणजे हिंसेचं माप लावलं तर पुरुष मागे नाहीत. पण आयझॅकबद्दल कुणी म्हटलं नाही की तुम्हाला या बिचाऱ्याला जपावंसं वाटेल. तिथे भीती आपली असते, कारण तो आपण असतो. सुई आपल्या डोळ्यात येत असते.

आणि लाराही पहिल्यापासून अशी नव्हती. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये ती काट्यांवर पडून मरायची, पाण्यात गुदमरायची, मायडसच्या तुटक्या हातावर उभी राहिली तर सोन्याची व्हायची. त्यात क्रूरपणा होता, पण एक थंड विनोदही होता: तू उडी चुकवलीस, घे. तिच्या छातीच्या त्रिकोणांवरून तेव्हा पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. तरी ती लारा कुणाच्या दयेची वाट बघत नव्हती. २०१३ मध्ये तिचे कपडे अंगभर झाले, चेहरा माणसासारखा झाला, कॅमिला लडिंग्टनने तिला आवाज आणि हालचाल दिली, आणि नेमक्या त्याच वेळी तिला कण्हायला लावलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं.

सोसणारी नायिका हे काही परदेशातून आलेलं प्रकरण नाही. मी गोंदिया जिल्ह्यातला, आमगावकडचा. आमच्याकडे भाऊबिजेनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात, होळीपर्यंत. त्या नाटकांत बाई पुष्कळ सोसते. सासू, नवरा, सावकार, पाटलाचं पोरगं, सगळ्यांचं सोसते. मांडवातल्या बायका पदराला डोळे पुसतात, मागचे पोट्टे व्हिलनला शिव्या घालतात. हे सगळं मला आवडतं, खोटं कशाला सांगू. पण तिथे एक गोष्ट स्पष्ट असते. प्रेक्षक खुर्चीवर किंवा चटईवर असतो, त्याच्या हातात काही नसतं. रडण्याशिवाय तो काहीच करू शकत नाही, म्हणून तो रडतो. गेममध्ये आपल्या हातात कंट्रोलर असतो. नदीत सळई लागली ती माझा अंगठा उशिरा हलला म्हणून. आणि गेम मला शिक्षा काय देतो? तर तिचं तडफडणं दाखवतो. चूक माझी, अंग तिचं. शिक्षेत थोडी मजाही मिसळलेली आहे, नाहीतर ती संकलनं कुणी पाहिली नसती.

आता घरच्या उदाहरणाकडे येतो, कारण त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले, ते पुरेसे जमले नाहीत. तरी चिकाटीने २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणि मग बाकी ठिकाणी आणला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. नायिका राजी, जत्रेत कसरती करणारी पोर. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. राजस्थानी महाल, पहाडी चित्रांचे रंग, मधूनमधून छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. दिसायला इतका देखणा गेम आपल्याकडे आधी झाला नव्हता.

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की इथे बहीण भावाला वाचवते. आपल्या सगळ्या राखीच्या गाण्यांच्या उलट. दुसरी म्हणजे कॅमेरा. तो बहुतेक वेळ वर, लांब असतो. राजी खांबावर चढते, भिंतीवर धावते, दरीत पडते, मरते, पण तिच्या अंगाजवळ जाऊन कुणी बघत बसत नाही. लाराच्या पार दुसरं टोक. २०१३ नंतरची सगळी भांडणं वाचून कुणी गेम बनवला तर असाच बनवेल, असं मला पहिल्या तासात वाटलं आणि बरं वाटलं.

तीन तासांनंतर तेवढं बरं वाटेना. कारण राजीला काही लागतच नाही. पट्टीतला लाल रंग कमी होतो, एवढंच. ती दहा राक्षस मारते आणि पुढच्या महालात शिरताना तशीच असते जशी जत्रेत होती. शिवाय वर दोघं बसलेले आहेत. दुर्गा आणि विष्णू पूर्ण गेमभर तिच्याबद्दल बोलतात: हिला जमेल का, हिला का निवडलं. म्हणजे तो लांबचा कॅमेरा तटस्थ नाहीच, ती देवांची जागा आहे आणि आपल्यालाही तिथेच बसवलंय. रोझेनबर्गचा रक्षक इथेही आहे, फक्त तो सभ्य आहे आणि स्वर्गात राहतो. जखम दाखवायची नाही हे ठरवताना त्यांनी पोरीचं शरीरच काढून घेतलं, आणि कसरत करणाऱ्या पोरीचं शरीर काढून घेतलं तर उरतं काय? डोंबाऱ्याची मुलगी दोरीवर चालते तेव्हा आपण श्वास रोखतो, तो ती खरंच पडू शकते म्हणून.

मधला रस्ता आहे का? माझ्या मते २०१७ च्या 'हेलब्लेड'मध्ये आहे. सेनुआच्या हाताला काळी कीड लागलेली आहे. गेम सुरुवातीलाच बजावतो की तू हरत गेलास तर ही कीड वर चढेल आणि डोक्यापर्यंत पोचली की तुझी आत्तापर्यंतची सगळी प्रगती पुसली जाईल. लोकांनी तपासून पाहिलं, तर ती धमकी पोकळ निघाली. पण खेळताना ते माहीत नसतं. तिच्या कानातले आवाज आपल्या हेडफोनमध्ये असतात, तिची भीती आपल्या सेव्ह फाइलला चिकटवलेली असते. ती भयंकर सोसते, तरी तिला जपावं असं मला एकदाही वाटलं नाही. मला माझीच पडली होती.

'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाबद्दल एवढंच म्हणतो. २०१७ च्या पॅरिसमधल्या ट्रेलरमध्ये एका बाईच्या गळ्यात फास आणि दुसरीच्या हातावर हातोडा दाखवला, तेव्हा ओरड झाली की हे अति आहे. २०२० मध्ये गेम आला आणि ओरड फिरली. आता तक्रार अशी की ॲबी नावाची ती बाई फार दणकट आहे, बाईचे दंड असे असतात का, आणि तिने आमच्या लाडक्या जोएलला मारलं. तिचा आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या आल्या. त्या तिने स्वतः जगासमोर ठेवल्या. फास चालला असता, दंड चालले नाहीत.

माझी मावसबहीण गोंदियात कॉलेजला आहे. ती मोबाइलवर बॅटल रॉयल खेळते, माइक बंद ठेवून. अनोळखी टीममध्ये पोरीचा आवाज ऐकू आला की काय काय ऐकावं लागतं ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. या सुट्टीत तिने माझ्या लॅपटॉपवर दोन्ही गेम खेळले, राजी आणि लारा. मी वर लिहिलंय ते सगळं तिला ऐकवलं. तिला लारा आवडली. मी म्हटलं, अगं, तो कॅमेरा बघ. ती म्हणाली, "दादा, तिले लागते, पन ते उठून मारते तरी. आन मी कुठं तिले वाचवून रायली? मीच आहो ते."

बनवणाऱ्याने तिला गृहीतच धरलं नव्हतं, आणि तिने परवानगी न विचारता जागा घेतली. मग माझं वरचं म्हणणं खोडलं जातं का? मला वाटतं अर्धंच. नदीच्या जागी ती सहा-सात वेळा मेली आणि तिसऱ्या वेळेपासून तिने आवाज शून्यावर नेला. का, तर म्हणे आई बाजूच्या खोलीत आहे, तिला काय वाटेल. आयझॅक मरताना मला कधी कुणाच्या आईची आठवण झाली नव्हती.

राजीबद्दल मात्र तिची तक्रार माझ्यापेक्षा साधी होती. एवढ्या उंचावरून उडी मारली तर गुडघा दुखायला नको का? पुण्यातल्या मंडळींनी पुढच्या गेममध्ये एवढं एकच करावं. राजी पडेल, गुडघ्यावर हात ठेवेल, एकदा श्वास घेईल आणि उठेल. चार सेकंदांचं ॲनिमेशन आहे, आणि त्यासाठी कॅमेरा थोडा खाली आणावा लागेल.