'सायबरपंक २०७७' : पुनर्भेटीचा प्रश्न

एखादी कादंबरी दहा वर्षांनी पुन्हा वाचताना बदललेला असतो तो वाचक. ग्रंथातले अक्षर जागचे हललेले नसते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडमधील संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा ओपन-वर्ल्ड खेळ १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. जुन्या पिढीच्या यंत्रांवर त्याची अवस्था अशी होती की, सोनीने अवघ्या आठवड्याभरात तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून घेतला. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची २.० ही सुधारणा व 'फँटम लिबर्टी' हा विस्तार निघाला, आणि पुष्कळांनी आपला पहिला अभिप्राय मागे घेतला. (प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनच्या धन्यांना ही सुधारणा मिळालीच नाही, त्यांच्यापुरता जुना पाठच अखेरचा.) मागे घेतले ते नेमके काय, हे तपासले पाहिजे.

पहिल्या पाठात नाइट सिटीत गुन्हा घडला की पोलीस खेळाडूच्या पाठीशी अकस्मात प्रकट होत. ही निव्वळ तांत्रिक चूक नव्हे. या शहराला रस्ते आहेत, अंतरे आहेत, हा विश्वासच तिने नाहीसा होई. आता पोलीस गाड्या घेऊन पाठलाग करतात. हा लाभ निर्विवाद आहे.

परंतु सर्व श्रेय दुरुस्तीला देणे अन्यायाचे होईल. 'सिनरमॅन' हे उपकथानक आरंभापासूनच या खेळात आहे. देहदंडाची शिक्षा झालेला जोशुआ स्वतःला क्रुसावर खिळवून घेण्यास सिद्ध झाला आहे. त्याच्या वेदनेचे मुद्रण बाजारात विकले जाणार आहे. आणि खिळे ठोकण्याचे काम खेळाडूकडे येऊ शकते. ही भक्ती की व्यापार, याचा निवाडा खेळ करीत नाही, हातोडा मात्र आपल्या हाती देतो. दोषांच्या गदारोळात आम्ही टीकाकारांनी हा प्रसंग पुरेशा गांभीर्याने पाहिला नाही, हे कबूल केले पाहिजे.

मूळ दोष मात्र यंत्रज्ञाच्या हातचा नव्हता. नायक व्ही (खेळाडूने निवडल्यास नायिका) याच्या डोक्यातील चिप जॉनी सिल्व्हरहँड या मृत गायकाचे मन तेथे रुजवीत आहे. व्हीचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे उरले आहे. उलट ओपन-वर्ल्ड खेळाचा धर्म निवांत भटकंतीचा. मरणोन्मुख मनुष्य मोटारी विकत घेत हिंडतो आणि मृत्यू त्याच्या सोयीने खोळंबून राहतो. औचित्याचा हा भंग २.० मध्येही तसाच आहे. किंबहुना शहर अधिक रमणीय झाल्याने तो अधिकच जाणवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

म्हणूनच 'फँटम लिबर्टी'चे मोल दुरुस्तीहून वेगळे ठरते. उपचाराचे आश्वासन देणाऱ्या साँगबर्डलाच सरकारच्या हवाली केले, तर एका शेवटात व्ही वाचतो. दोन वर्षांच्या मूर्च्छेनंतर तो जागा होतो, तेव्हा शरीरातील लढाऊ यंत्रे त्याला कायमची पारखी झालेली असतात, आणि स्नेही आपापल्या वाटेने गेलेले असतात. इतके तास खोळंबलेला काळ येथे आपली सारी थकबाकी एकदम वसूल करतो. ज्या नगरीत त्याने टोळ्याच्या टोळ्या लोळविल्या, तेथे रस्त्यावरचे भुरटे त्याला मारून पाडतात. मग व्ही उठतो आणि गर्दीत मिसळतो. नगरी तेवढीच विस्तीर्ण असते, पण खेळाडूला आता तिच्यात फिरता येत नाही.