खोलीची स्वयंचलित ध्वनिदुरुस्ती: दावा आणि मर्यादा

महाराष्ट्र मंडळामुळे मराठी माणसांना परिचित असलेल्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतला एक हॉल कल्पा: ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच, फरशी आणि उघड्या भिंती. होम थिएटरमधील ‘ऑडिसी’ किंवा ‘डिरॅक’ ही प्रणाली मायक्रोफोनने मोजमाप घेऊन आवाज ‘खोलीला साजेसा’ करते. हा दावा कितपत खरा?

स्पीकरची पातळी आणि अंतरामुळे होणारा वेळेचा फरक ती चांगला जुळवते. ५ मीटर लांबीमुळे सुमारे ३४ हर्ट्झला स्थिर तरंग तयार होतो. भिंतीजवळ फुगलेला तो बास ती कमीही करते. मात्र हॉलच्या मध्यावर त्याच तरंगाचा दाब जवळपास शून्य असतो. तिथे १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते आणि खड्डा तसाच राहतो. सोफा सरकवणे हा सोपा उपाय.

दुसरी मर्यादा निनादाची. १८९५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानगृहात वॉलेस सॅबिन यांनी खुर्च्यांवरच्या गाद्या आणून निनाद मोजायला सुरुवात केली. त्यांचे सूत्र इथे लावा. घनफळ ६० घनमीटर, एकूण शोषण ५ चौरस मीटर मानल्यास निनादकाल ०.१६१ × ६० ÷ ५, म्हणजे सुमारे १.९ सेकंद. गालिचा, जाड पडदे, गाद्यांनी शोषण १५ झाले, तर ०.६ सेकंद. या सूत्रात फिल्टर कुठेच नाही.

म्हणून आजीला संवाद कळत नसतील, तर महागड्या यंत्राआधी पडद्यांचा विचार करा.